भरतीच्या आधी झुकलेला खडक

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. कोपरा सरळ आहे का हे बघायला गवंडी दोरीला बांधून जे वजन खाली सोडतो, तेच त्याचं नाव पडलं. कुणाच्याही घरी गेला की हा आधी एक डोळा मिटून भिंतीचा कोपरा बघायचा आणि मग पाण्याच्या पेल्याला हात लावायचा. "बरी आहे भिंत," एवढंच म्हणायचा. पण ते 'बरी' अशा सुरात यायचं की घरमालक पुढचे चार दिवस भिंतीला हात लावून बघत बसायचा. सासुरवाडीला पहिल्यांदा गेला तेव्हाही त्याने मुलीच्या आधी खिडकीची चौकट बघितली, असं त्याची बायको आयुष्यभर सांगत आली. तो ते नाकारायचा नाही. "चौकट खरंच तिरकी गेलेली होती," म्हणायचा.

मी वेधशाळेत टायपिस्ट होतो. त्याच्या नेमणुकीच्या पत्रापासून निवृत्तीच्या आदेशापर्यंत सगळे कागद माझ्याच यंत्रावरून गेले. मधली चौकशीसुद्धा. तेव्हा यातलं बरंचसं मी कागदावर पाहिलेलं आहे. उरलेलं त्याने आणि काही त्याच्या बायकोने सांगितलेलं.

वेधशाळा समुद्रापासून नऊ किलोमीटर आत, एका डोंगराच्या पायथ्याशी होती. डोंगरात पूर्वी दगडाची खाण होती आणि खाणीचं एक भुयार साठ मीटर आत गेलेलं होतं. त्या भुयाराच्या शेवटच्या खोलीत एक नाजूक यंत्र बसवायचं ठरलं, आणि यंत्र ठेवायला खांब हवा होता. कमरेइतक्या उंचीचा, पण असा की तो खडकाचाच भाग वाटावा. दोन गवंडी येऊन सिमेंट ओतून गेले आणि दोन्ही वेळा खांब फोडावा लागला. मग ओळंब्याला बोलावलं. त्याने अकरा दिवस नुसता खडक साफ केला. वेधशाळेचे मोठे साहेब रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, "खांब कुठे आहे?" तो म्हणायचा, "अजून जागा मऊ लागतेय." बाराव्या दिवशी त्याने छिन्नी ठेवली आणि पुढच्या दोन दिवसांत खांब उभा केला. हातोडीने ठोकलं की खांब आणि जमीन एकच आवाज देत.

तो पैसे घेऊन गेला आणि विषय संपला.

दोन वर्षांनी तो एका चार मजली इमारतीच्या परांचीवरून पडला. फळी मधोमध मोडली. खुब्याचं हाड मोडलं, आठ महिने अंथरुणात गेले आणि उठला तेव्हा डावा पाय आखूड झालेला होता. पण पायापेक्षा दुसरंच काहीतरी गेलं होतं. तो स्टुलावरसुद्धा चढेनासा झाला. घरातला दिवा गेला तर बायको चढायची आणि हा खाली उभा राहून स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरायचा.

बायकोचा धाकटा भाऊ आमच्याच खात्यात होता. बंदराच्या धक्क्याच्या टोकाला एक लहान खोली होती, तिला सगळे भरती-घर म्हणायचे. भरती-ओहोटीची नोंद घेणारं यंत्र तिथे होतं आणि ते हा मेव्हणा सांभाळायचा. हसतमुख, बडबड्या, केसांना तेल लावून चापूनचोपून बसवणारा. तो स्वतः मोठ्या साहेबांकडे आला. "भुयार सांभाळायला माणूस शोधताय ना? आमच्या भाऊजींना घ्या. खांब त्यांनीच बांधलाय, त्याला ते पोटच्या पोरासारखं जपतील." अशी ओळंब्याला नोकरी लागली. हे उपकार त्याच्या बायकोच्या लक्षात राहिले, आणि त्याच्याही.

काम सोपं होतं, पण रोजचं. सकाळी भुयारात जायचं, दिवा तपासायचा, फोटोचा कागद बदलायचा, रेडिओच्या ठोक्यांवर घड्याळ लावायचं आणि घड्याळ किती सेकंद पुढे-मागे होतं ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी मोठ्या साहेबांनी त्याला यंत्र समजावून सांगितलं. मी शेजारी होतो, कारण सामानाची यादी मला करायची होती.

"दार बसवतोस ना तू?" साहेबांनी विचारलं. "चौकट ओळंब्यात नसली तर काय होतं?"

"दार आपोआप उघडतं. नाहीतर आपोआप लागतं."

"झालं तर. हा लंबक म्हणजे बिजागरीवर टांगलेलं दार. खांब कणभर झुकला की दार त्या बाजूला सरकतं. दाराला आरसा लावलाय. आरशावरून उजेडाचा ठिपका कागदावर पडतो आणि रेघ उमटते."

ओळंब्याचा चेहरा पडला. "माझा खांब झुकतो?"

"खांब नाही रे. डोंगर झुकतो. दिवसातून दोनदा समुद्राकडे, दोनदा परत."

ओळंबा माझ्याकडे बघायला लागला. मी यादीत डोकं घातलं.

साहेबांना समजावून सांगायला आवडायचं. ते म्हणाले, चंद्र आणि सूर्य पाण्याला ओढतात तसे जमिनीलाही ओढतात, तो एक भाग झाला. दुसरा भाग पाण्याच्या वजनाचा. भरतीला आखातात एवढं पाणी चढतं की त्याच्या ओझ्याने किनारा दबतो. गादीच्या काठावर कुणी बसलं की मधे झोपलेल्यालाही कळतं ना, तसं. "आता किती दबतो म्हणशील, तर एक किलोमीटर लांब फळी घे आणि तिच्या एका टोकाखाली वहीचं एक पान सरकव. असं फार तर पाच-सात पानांचं काम आहे."

त्या दिवशी घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं, "तीस वर्षं मी ज्याला सरळ म्हणत आलो ते सरळ नव्हतंच. सकाळी बांधलेली भिंत दुपारी वाकडी असते."

"मग दुपारी बांधायची," बायको म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

पाच वर्षं तशीच गेली. रोजच्या रेघेची त्याला हळूहळू ओळख पटत गेली. अमावस्या-पौर्णिमेला रेघेचे डोंगर उंच होतात, मधल्या आठवड्यात बुटके होतात, हे तो न शिकता सांगू लागला. दूरच्या भूकंपांनी रेघ थरथरायची तेव्हा वर्तमानपत्रात बातमी यायच्या आधी तो मला येऊन सांगायचा, "आज कुणाचं तरी घर पडलंय." सांगून मुकाट्याने चहा प्यायचा.

सहाव्या वर्षी बाई आल्या. त्या समुद्राचं गणित करायच्या. चाळिशीच्या आसपास, चष्मा डोक्यावर ढकललेला, आणि काखेत घड्या घातलेल्या छापील कागदांचा गठ्ठा. संगणक राजधानीत होता, तिथून तो गठ्ठा दर पंधरवड्याला टपालाने यायचा. त्यांनी नकाशावरच्या सगळ्या समुद्राचे चौकोन पाडले होते. लांबच्या समुद्रात मोठे, आमच्या आखातात अगदी बारीक. प्रत्येक चौकोनात तासातासाला पाणी किती चढतं, त्याचं वजन किती, आणि त्या वजनाने आमचा डोंगर किती झुकायला हवा, याची बेरीज संगणक करायचा. आखातातल्या पाण्याची वेळ जुळवायला एकच खात्रीची नोंद होती, ती भरती-घरातली. बेरीज हातात आली की बाई ती ओळंब्याच्या रेघेशी लावून बघायच्या.

पहिल्या अडीच वर्षांच्या रेघा जुळल्या. नंतरच्या जुळेनात. उंची जवळजवळ तीच, पण वेळ सरकत गेलेली. आधी पाच मिनिटं, मग दहा, आणि गेल्या वर्षात तर पंचवीस. वाईट म्हणजे सरकली होती उलट्या बाजूला. बंदरातलं पाणी पूर्ण चढायच्या पंचवीस मिनिटं आधीच आमचा डोंगर पुरता झुकलेला असायचा.

बाईंनी ओळंब्याला बोलावून दोन्ही कागद टेबलावर एकाखाली एक मांडले. त्याने खूप वेळ बघितलं.

"असं होत नाही, बाई," तो म्हणाला. "ओझं पडायच्या आधी फळी वाकत नाही. मी फळीवरून पडलेला माणूस आहे, एवढं मला कळतं."

"मलाही कळतं," बाई म्हणाल्या. "म्हणून म्हणते, फळीतच काहीतरी बिघडलंय. एकतर तुमचं घड्याळ, नाहीतर खांब खडकापासून सुटलाय. सुटलेला खांब काहीही दाखवेल."

"घड्याळाची वही देतो."

त्याने पाच वर्षांच्या वह्या आणून ठेवल्या. एकही दिवस गाळलेला नव्हता आणि चार सेकंदांपेक्षा जास्त चूक कुठेच नव्हती. बाईंनी दोन दिवस वह्या चाळल्या आणि परत दिल्या. "मग खांब," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते त्याला जास्त लागलं असावं.

त्या आठवड्यात तो भुयारात खांबाभोवती हातोडी घेऊन बसायचा. चारी बाजूंनी टक् टक् करायचा, कान लावायचा. मला एकदा आत नेलं. "ऐक," म्हणाला. मी ऐकलं. मला खांब आणि जमीन यांचा आवाज सारखाच वाटला, पण माझ्या कानाला कोण विचारतो. मोठ्या साहेबांनी खांब फोडून नवा बांधायचं पत्र माझ्याकडून टाईप करून घेतलं आणि ओळंब्याने विनवणी केली म्हणून त्यावर पुढच्या महिन्याची तारीख टाकली.

मग तो एका मंगळवारी रजा टाकून बंदरावर गेला. का गेला, ते त्याने मला पुढे सांगितलं. "घड्याळ दोन असतात," म्हणाला. "एक आमच्याकडे, एक पाण्याकडे. सगळे आमचंच तपासत होते."

त्याच्याबरोबर खडू, मनगटावरचं घड्याळ आणि जमिनीची पातळी जुळवायला गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी होती. धक्क्याच्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरत होत्या. लाटांनी पाणी एकसारखं खालीवर व्हायचं, म्हणून त्याने नळी पायरीच्या कडीला उभी बांधली. नळीच्या आत पाणी शांत राहायचं. कठड्याला धरून, एकेक पायरी बसत-सरकत तो खाली गेला होता. पाणी अगदी वर पोहोचतं तेव्हा ते बराच वेळ थबकल्यासारखं असतं आणि नेमका क्षण सापडत नाही. त्याने वेगळी युक्ती केली. दगडावर खडूने तीन खुणा केल्या. चढतं पाणी प्रत्येक खुणेला कधी लागलं ते लिहिलं, उतरतं पाणी त्याच खुणेवरून कधी गेलं तेही लिहिलं, आणि दोन्ही वेळांचा मध्य काढला. तिन्ही खुणांचा मध्य अकरा वाजता आला. एक मिनिट इकडे, एक मिनिट तिकडे.

मधेच मेव्हणा भरती-घराच्या दारात येऊन उभा राहिला. "भाऊजी! तुम्ही इथे? काय करताय?"

"पाणी बघतोय."

"अहो, मग आत येऊन बसा की सावलीत. माझं यंत्र बघतंय ना पाणी. दोघांनी कशाला बघायचं?" आणि तो स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसला.

दुपारी ओळंबा आत गेला. खोलीच्या जमिनीत झाकण होतं, झाकणाखाली हातभर रुंद लोखंडी नळ थेट समुद्रात उतरलेला. नळाच्या आत एक तरंगता डबा, डब्याला तार, तारेला पेन आणि पेनाखाली फिरता कागद. नळाच्या तळाशी लहान भोक होतं. त्यातून पाणी आत-बाहेर करायचं, म्हणजे लाटांचा त्रास होत नाही आणि भरती तेवढी कळते. ओळंब्याच्या नळीसारखंच, फक्त मोठं. त्याने कागदावरची वळणाची जागा बघितली. पेनाने भरतीचा माथा अकरा वाजून चोवीस मिनिटांनी काढलेला होता.

"खालचं भोक शेवटचं कधी साफ केलंस?"

"दर महिन्याला करतो. ही वही." वहीत दर महिन्याच्या पाच तारखेला मेव्हण्याची लफ्फेदार सही होती.

ओळंब्याने कोपऱ्यातली बादली उचलली, पिंपातून भरून घेतली आणि मेव्हणा काय म्हणतोय ते न ऐकता नळात ओतली. डबा टुणकन वर आला, पेनाने कागदावर उभी उडी मारली. भोक मोकळं असतं तर पाणी बघता बघता बाहेर गेलं असतं आणि पेन लगेच जागेवर आलं असतं. ते आलं नाही. दोघं उभे राहून बघत होते. पेन इतकं सावकाश उतरत होतं की उतरतंय हे कळायलाही वेळ लागला.

"कागदावर डाग पडला, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "आता याचं काय उत्तर देऊ मी?"

"खाली कधीपासून गेला नाहीस?"

मेव्हण्याने आधी नळाचं झाकण लावलं. मग खुर्चीत बसला. अडीच-तीन वर्षांपूर्वी एकदा खालच्या शिडीवर त्याचा पाय शेवाळावरून घसरला होता. साखळी हातात आली म्हणून वाचला. लाटा कंबरेवर आपटत होत्या, तसा तो साखळीला लोंबकळत राहिला. एका होडीवाल्याने बघेपर्यंत किती वेळ गेला ते त्याला आजही सांगता येत नव्हतं. "त्यानंतर पाच तारीख आली की मी झाकण उघडतो, शिडीवर एक पाय ठेवतो आणि परत वर घेतो. मग सही करतो. दर महिन्याला वाटतं, पुढच्या महिन्यात उतरेन."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला? तुम्ही दिवा बदलत नाही म्हणून मी तुमच्यावर किती हसलोय, आठवतं ना?" तो म्हणाला. "ताईला नका सांगू."

ओळंबा त्याच्या समोर स्टुलावर बसला. दोघांनी चहा मागवला आणि प्यायले. निघताना त्याने सांगितलं, "तूच सांग. अर्ज कर, प्रकृती बरी नाही, साफ करायला दुसरा माणूस द्या म्हण. साहेब ऐकतील. मी थांबतो."

"बघतो," मेव्हणा म्हणाला.

ओळंबा सोळा दिवस थांबला. त्या दिवसांत त्याने मला काहीच सांगितलं नव्हतं. फक्त रोज सकाळी विचारायचा, "बंदराकडून काही टपाल?" मी नाही म्हणायचो. मला वाटायचं, कसलीतरी बदली अडकली असेल. घरीही तो गप्प होता. बायकोला वाटलं, खांबाची काळजी.

सतराव्या दिवशी दोन कामगार घण घेऊन भुयाराच्या तोंडाशी आले. बाई आणि मोठे साहेब पुढे, मी मागे नोंदवही घेऊन. ओळंबा दारात उभा होता. बाजूला झाला नाही.

"अरे, पुन्हा तेच नको," साहेब म्हणाले.

"खांब चांगला आहे," तो म्हणाला. "भरती-घराच्या नळीचं भोक बुजलंय. पाणी आत उशिरा शिरतं, म्हणून यंत्र भरती उशिरा सांगतं. मी मोजलंय." आणि खडूच्या खुणांच्या वेळा व त्याच दिवशीची पेनाची वेळ लिहिलेला कागद त्याने साहेबांना नाही, बाईंना दिला.

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या कागद वाचला. चष्मा डोक्यावरून नाकावर आला. "चोवीस मिनिटं," त्या म्हणाल्या. मग कामगारांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही जा." साहेबांना विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

आठवड्याच्या आत पाणबुड्या उतरला. भोकाच्या तोंडाशी शिंपल्यांचा थर जमला होता, आत गाळ. दोन बादल्या निघाल्या. पुढच्या पौर्णिमेला बंदरातली भरती आणि आमचा झुकता डोंगर यांच्यात फरक राहिला तो एक-दोन मिनिटांचा.

चौकशी माझ्यासमोर झाली. मेव्हण्याने काही लपवलं नाही. मोठे साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी मला जबाबात 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं घालायला सांगितलं. मेव्हणा म्हणाला, "नाही. भीती वाटत होती असं लिहा. तेच खरं आहे." मी तसं लिहिलं. खोट्या सह्यांबद्दल त्याची वेतनवाढ रोखली गेली आणि त्याला बंदरावरून काढून भांडारात बसवलं. तिथे खिडकी नव्हती. समुद्राकडे तोंड करून बावीस वर्षं काढलेल्या माणसाला ते कसं वाटलं असेल, हे मी कधी विचारलं नाही.

ओळंब्याच्या घरी भांडण झालं नाही. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "नळी माझ्या भावाची होती आणि खांब तुमचा होता. तुम्ही तुमचा खांब वाचवलात."

"मी सोळा दिवस थांबलो होतो."

"मला सांगायला सोळा दिवसांत वेळ झाला नाही तुम्हाला. मी त्याला कान धरून साहेबांपुढे उभा केला असता. पण स्वतःच्या तोंडाने त्यानेच सांगितलं असतं."

हे मला सांगताना तो म्हणाला, "तिचं बरोबर होतं. पण 'ताईला नका सांगू' म्हणाला होता तो. मला वाटलं, शब्द पाळायचा असतो." बायको त्याच्याशी बोलत राहिली, घर चालवत राहिली, पण भुयाराचा विषय तिने सोडला. त्याने काही सांगायला सुरुवात केली की ती उठून कपडे वाळत घालायला जायची, कपडे असोत की नसोत. मेव्हणा येईनासा झाला. भाऊ-बहीण भेटायचे, पण बाहेर.

बाईंचं काम मात्र त्या नळीमुळे वेगळ्याच वाटेला लागलं. बंदराच्या अडीच वर्षांच्या नोंदी वेळेपुरत्या फुकट गेल्या होत्या. साहेबांनी त्यांवर 'वेळ अविश्वसनीय' असा शिक्काही मारून घेतला होता. बाईंनी गणित उलटं फिरवलं. डोंगर अमुक क्षणी एवढा झुकला, तर आखातात पाणी कधी चढलं असलं पाहिजे? वर्षभर त्या हेच करत होत्या. महिन्यामागून महिना घेत, त्यांनी खडकाकडून समुद्राची वेळ काढली आणि बंदराच्या प्रत्येक नोंदीपुढे दुरुस्ती लिहिली. शिक्का मागे घेतला गेला. तेही पत्र मी टाईप केलं.

दुरुस्ती झाल्यावर उरलेल्या रेघेत त्यांना आणखी एक बारीक डोलणं दिसलं. मोठं वादळ दूरच्या समुद्रावरून गेलं की दुसऱ्या दिवशी आखातातलं पाणी या काठावरून त्या काठावर हिंदकळायचं, एक फेरी सुमारे तीन तासांची, आणि डोंगर त्या तालावर कणभर झुकायचा. बाईंनी आकडा काढायच्या आधी ओळंब्याने त्यांना सांगितलं होतं की वादळानंतर रेघ 'दातेरी' होते. त्यांनी विचारलं, दोन दात्यांमध्ये किती वेळ? तो म्हणाला, "तीन तास, पाच-दहा मिनिटं कमी." गणिताने दोन तास बावन्न मिनिटं आली. बाई हसत सुटल्या, आणि त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

त्यांचा निबंध माझ्याकडे टायपिंगला आला तेव्हा ओळंबा त्यांना भेटायला गेला. "त्यात नळीबद्दल काय लिहिलंय?"

"जे झालं ते."

"कुणामुळे झालं ते नको. बुजली होती, एवढं पुरे."

बाईंनी माझ्याकडून ते पान परत मागून घेतलं. दोन ओळी खोडल्या आणि वर लिहिलं, 'नळीत अडथळा निर्माण झाला होता.' ओळंब्याने मला ती ओळ तीनदा वाचायला लावली.

पुढे बारा वर्षांनी तो निवृत्त झाला. त्याआधीच लंबकाच्या जागी तारा आणि पेट्यांचं नवं यंत्र आलं होतं, त्यात कागद नव्हता आणि रोज आत जायचीही गरज नव्हती. त्याला ते आवडलं नाही, पण तक्रारही केली नाही. निरोपाच्या दिवशी भाषण करायला उभा केला, तर "सगळ्यांनी सांभाळून घेतलं" एवढं म्हणून बसला. बाई तेव्हा दुसऱ्या देशात होत्या. त्यांचं पत्र आलं, ते साहेबांनी वाचून दाखवलं.

मेव्हणा पुन्हा घरी आला तो बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा. दोन्ही डोळे पंधरा दिवसांच्या अंतराने झाले होते आणि दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब घालायचे होते. ओळंब्याचा हात थरथरायला लागला होता, थेंब गालावर पडायचे. बायकोनेच भावाला निरोप धाडला. तो दुसऱ्या सकाळी दारात उभा राहिला, पिशवी ठेवली, हात धुतले आणि म्हणाला, "ताई, वर बघ." महिनाभर तो रोज चार वेळा यायचा. केस पांढरे झाले होते, पण चापून बसवलेले. बडबडही परत सुरू झाली होती. शेजारी, राजकारण, भाज्यांचे भाव, सगळं.

मी एकदा सहज गेलो होतो तेव्हा दुपारच्या थेंबांची वेळ होती. बायको खुर्चीत मान मागे टाकून बसली होती, मेव्हणा बाटली हलवत होता आणि ओळंबा पलंगावर. ओळंबा एकदम म्हणाला, "त्या वेळी मी हिला आधी सांगायला हवं होतं रे."

मेव्हण्याने बाटलीचं झाकण काढलं. "भाऊजी, डावा डोळा झालाय का सकाळी? की उजवा आधी घातला होता?"

"दोन्ही झाले होते," बायको म्हणाली. "आणि तुम्ही दोघं जरा गप्प बसा. माझ्या डोळ्यात जातंय सगळं."

मेव्हण्याने थेंब घातले. ओळंबा उठला आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेला.